कंपवात आणि शेजारचा पाट

माझा डावा हात हलतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण एवढंच वाक्य घरात बोलायला मला चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांत जे नुकसान झालं ते या दुखण्यानं केलेल्या नुकसानापेक्षा जास्त होतं. तुम्हाला किंवा तुमच्या घरात कुणाला नुकतंच हे सांगितलं गेलं असेल, तर गोळ्यांची नावं मला विचारू नका. मी कापडाचा दुकानदार आहे. दुखणं लपवणं किती महागात पडतं, एवढंच मला सांगता येईल.

आम्ही लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं. सकाळी आंघोळ झाली की डबी उघडायची, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हातानं विभूती लावायची, बेल-फूल वाहायचं आणि मग काही वेळ त्याच्याकडे टक लावून बघत बसायचं. ही पूजा झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. बाई असो वा पुरुष, नियम एकच. ज्याचं लिंग त्याचं. दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही.

नीला लग्न होऊन घरात आली तेव्हापासून आम्ही दोघं देवघरात दोन पाट शेजारी मांडून पूजेला बसतो. चौतीस वर्षं झाली. आदल्या दिवशी कडाक्याचं भांडण झालेलं असलं तरी पाट शेजारीच. खरं सांगायचं तर आमच्या संसारात एकमेकांजवळ निवांत बसायची वेळ तेवढीच होती. नंतर मी दुकानात, ती तिच्या शेंगाचटणीच्या ऑर्डरींत. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, त्यालाही आता सहा वर्षं झाली.

मागच्या थंडीत नीला महिनाभर माहेरी अक्कलकोटला गेली होती. तिच्या आईचं मांडीचं हाड मोडलं होतं. त्या महिन्यात एका सकाळी पूजेला बसलो असताना लिंगावरचं बेलाचं पान हलताना दिसलं. पंखा चालू राहिला असेल म्हणून वर पाहिलं. पंखा बंद होता.

धुपाचा दुकानदार निर्दोष होता

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. माझं आलं तेच मुंगीच्या पावलानं, आणि जायचं तर नावच नाही. मागे वळून बघतो तर त्याची पावलं दोन वर्षं आधीपासूनची दिसतात. मला धुपाचा वास येईनासा झाला होता. मी म्हटलं, हल्ली भेसळ फार वाढली. तीन दुकानं बदलली. एका म्हाताऱ्या धूपवाल्याशी तर चांगलाच वाद घातला. त्या बिचाऱ्याची इथं माफी मागतो.

मग शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागला. पावतीवरचं माझं अक्षर ओळीच्या शेवटाला जाईपर्यंत मोहरीएवढं व्हायचं. चालताना डावा हात अंगाला शिवून टाकल्यासारखा नुसता लोंबायचा. दुकानात मी तो हात खिशात घालून उभा राहू लागलो. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय. पण कापड फाडायला दोन हात लागतात. गिऱ्हाईक आलं की मी धाकट्या भावाला हाक मारायचो आणि आपण गठ्ठे नीट लावत असल्याचं सोंग करायचो.

यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, कारण आपला चेहरा आपल्याला दिसत नाही. माझा चेहरा हलेनासा झाला होता. मनातून मी हसायचो, पण ते तोंडापर्यंत पोचायचं नाही. शिवानंदनं, म्हणजे माझ्या भावानं, त्याच सुमारास दुकानातली जुनी गादी काढून काचेचं काउंटर बसवलं. मला ते मनापासून आवडलं होतं आणि मी तसं बोललोही. पण पुढं आठवडाभर तो माझ्याशी तुटक वागला. शेवटी म्हणाला, "अण्णा, गादी काढायची नव्हती तर तसं सांगायचं की. असं तोंड करून का बसता? गिऱ्हाईक विचारतंय, मोठे सेठ आमच्यावर नाराज हायत काय म्हणून."

मी नाराज नाही म्हणालो. त्याला ते पटलं नसावं, कारण ते सांगतानाही माझं तोंड तसंच होतं.

तपासणीचा दिवस

सात रस्त्याजवळच्या एका डॉक्टरांकडे गेलो. घरी सांगितलं, माल बघायला चाललोय. दुकानात सांगितलं, घरी काम आहे. असं दोन्हीकडे खोटं बोलून माणूस मधल्या रस्त्यावर आला की त्याला फार एकटं वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं.

डॉक्टर तरुण होते, पण घाईचे नव्हते. त्यांनी मला अंगठ्यावर बोट आपटायला लावलं. उजव्या हातानं जमलं, डाव्याचं बोट हळूहळू आळसावत गेलं. बोळात चालायला लावलं, एक ओळ लिहायला लावली, मनगट धरून कोपर फिरवून पाहिलं. मग विचारलं, "काका, वास येतो का नीट?" मला त्या धूपवाल्याची आठवण झाली आणि हसू आलं. म्हणजे, आलं असावं.

डोक्याचा एमआरआय काढला. त्या नळीत पडल्या पडल्या मी मनात ॐ नमः शिवाय म्हणत होतो आणि यंत्राच्या ठोक्यांत माझी मोजणी चुकत होती. दुपारी डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की हा पार्किन्सन्स आहे, आपल्याकडे ज्याला कंपवात म्हणतात तो. मुळापासून बरा होत नाही, पण गोळ्यांनी आणि व्यायामानं पुष्कळ आवरता येतो, बरीच माणसं वर्षानुवर्षं आपापली कामं करत राहतात. हे सगळं त्यांनी नीट, दोनदा सांगितलं. मला पहिल्या खेपेला फक्त "बरा होत नाही" एवढंच ऐकू आलं.

"सोबत कोण आलंय?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, कुणी नाही. पुढच्या वेळी काकूंना घेऊन या म्हणाले. मी मान हलवली आणि मनात ठरवलं, आणणार नाही. का ते मला आजही धड सांगता येत नाही. नीला आईचं करून नुकतीच परत आली होती, तिचीच कंबर धरली होती, हे एक कारण. दुसरं खरं कारण असं, की ती माझ्याकडे आजारी माणसाकडे बघतात तशी बघेल आणि पुन्हा कधी पहिल्यासारखी बघणार नाही, याची मला धास्ती वाटली.

बाहेर येऊन रसवंतीच्या बाकड्यावर बसलो. रिक्षा, मोटरसायकली, भाजीच्या गाड्या, सगळे आपापल्या वाटेनं चालले होते. ओळखीचा एक व्यापारी दिसला. त्यानं हात केला, मीही केला, उजवा. त्याला थांबवून सांगावं असं मला वाटलं. पण तो पुढं गेला.

घरी नीलानं विचारलं, माल कसा होता. मी म्हटलं, बरा होता.

माडीवर

गोळ्या दुकानात बटणांच्या खणात ठेवल्या. दिवसातून तीन वेळा, घड्याळ बघून. गोळी घेताना शिवानंदची पाठ असेल अशी वेळ साधायची. आपल्याच दुकानात मी चोर झालो होतो.

आमच्या सगळ्यांत एकाच माणसानं मला पकडलं, तो चहावाला गफूरभाई. एके दिवशी माझ्या हातातल्या बशीचा आवाज झाला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं मला बशी द्यायचं बंद केलं आणि मोठ्या पेल्यात अर्धाच चहा आणू लागला. म्हणाला, "सेठ, आधाच भरतूं. खतम हुया तो और देतूं." यापलीकडे त्यानं कधी काही विचारलं नाही. त्या चार महिन्यांत मला भेटलेली माया म्हणाल तर तो अर्धा पेला.

घरात मात्र शेजारच्या पाटाचा प्रश्न होता. नीला पूजेत डोळे मिटत नाही, कुणीच मिटत नाही, आमची पूजाच डोळे उघडे ठेवून करायची असते. माझा हात तिला दिसणार हे उघड होतं. म्हणून मी तिला सांगितलं की आता माझं वय झालं, मला पूजेत एकांत हवा, मी माडीवर बसत जाईन.

ती म्हणाली, "बरं." चौतीस वर्षांचा शेजार एका शब्दात मोडला. तिनं कारण विचारलं असतं तर बहुतेक मी सांगून टाकलं असतं. पण माझं ते दगडी तोंड बघून तिला विचारायचं धाडस झालं नसेल.

माडीवर मी नाना युक्त्या केल्या. हाताखाली चादरींची घडी घेतली, कोपर मांडीला टेकवलं. हात टेकला की जरा थांबायचा, मन कुठं गेलं की पुन्हा सुरू व्हायचा. आणि एका सोमवारी तो इतका हलला की लिंग तळहातावरून सुटलं, घडीवर पडलं आणि तिथून घरंगळत फरशीवर गेलं.

बाहेरच्या माणसाला यात एवढं काय ते कळणार नाही. आमच्यातली जुनी माणसं म्हणायची, ज्याच्या अंगावरचं लिंग पडलं त्यानं जगू नये. असं आता कुणी मानत नाही, मीही मानत नव्हतो, निदान त्या सोमवारपर्यंत तरी. गुडघ्यांवर रांगत ते उचललं. भंगलं नव्हतं. डबीत ठेवलं, झाकण लावलं आणि भिंतीला टेकून बसून राहिलो. रडू आलं. खालून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या, आणि ती आता हाक मारील या भीतीनं मी तोंडात उपरणं धरलं.

त्या दिवसापासून मी डबी उघडलीच नाही. माडीवर जायचं, बंद डबी डोळ्यांना लावायची, थोडा वेळ बसायचं आणि खाली येऊन भाकरी खायची. पूजा न करता मी जेवत होतो. साठ वर्षांत असं कधी केलं नव्हतं. एक एक घास खोट्याचा होता.

बेलाची पानं

नीला रोज परडीत माझ्यासाठी बेल आणि फुलं काढून माडीच्या जिन्यावर ठेवायची. मी ती वर न्यायचो आणि कोनाड्यात टाकायचो. बुद्धी बघा, ती कुठं नेऊन विसर्जन करायची एवढंही सुचलं नाही. अकराव्या दिवशी नीला जळमटं काढायला वर आली आणि तिला कोनाड्यात सुकलेल्या बेलाचा ढीग सापडला.

मी दुपारी जेवायला आलो तेव्हा ती एक परात समोर ठेवून बसली होती. परातीत ती पानं. रागावली की ती तिच्या माहेरच्या रिवाजानं मला "अहो" न म्हणता "री" म्हणते, कानडीत.

"री," ती म्हणाली, "माझ्याशी अबोला धरलात तो धरलात. देवाशी बी धरलात काय?"

मी उजव्या हातानं परात बाजूला सारायला गेलो, तिनं ती धरून ठेवली.

"आईकडं महिनाभर राहिले, त्याचा राग हाय न्हवं तुमाला? आल्यापासनं तोंड वाकडं. शेजारी बसायला नको, हसायला नको. मी सगळं आठवून बघितलं. काय चुकलं, कुटं चुकलं. आईला त्या हालतीत टाकून येऊ काय मी? सांगा की."

तेव्हा मला कळलं. चार महिने मी तिला एका दुखण्यापासून वाचवत होतो असं समजत होतो, आणि तिनं तेच चार महिने स्वतःची चूक शोधण्यात घालवले होते. तिला न झालेल्या गुन्ह्याची शिक्षा मी रोज सकाळी देत होतो. मी खिशातून डावा हात काढला आणि परातीच्या काठावर ठेवला. परात वाजू लागली.

ती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "येन आतु?" काय झालं?

मी सांगितलं. डॉक्टर, नळी, बटणांचा खण, गफूरभाईचा अर्धा पेला, धूप, चेहरा, लिंग पडलं ते, पूजेविना जेवलो ते. शेवटचं सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला की ती पुढं वाकली. हाही आजाराचाच भाग, आवाज लहान होत जातो.

मला वाटलं होतं ती रडेल. ती भडकली. असली भडकली की शेजारच्या बाईनं खिडकी लावून घेतली. म्हणाली, हात हलतो हे मला सांगायला लाज वाटली, आणि चार महिने मला वाळीत टाकायला वाटली नाही. म्हणाली, चहावाल्याला कळतं आणि बायकोला नाही. ते खरंच होतं. त्या दिवशी आम्ही दोघंही जेवलो नाही. ती जेवली नाही रागानं, मी जेवलो नाही कारण इतक्या दिवसांनी मला पूजेविना जेवायचं नव्हतं.

स्वामींचं म्हणणं

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटीच मठात गेलो. आमचे स्वामी वृद्ध आहेत, फार बोलत नाहीत. मी डबी त्यांच्यापुढं ठेवली आणि जे झालं ते सांगितलं. जुन्या माणसांचं ते वाक्यही बोललो. त्यांनी लिंग हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिलं, पाण्यानं धुतलं, विभूती लावली आणि परत माझ्या तळहातावर ठेवलं. हात लगेच हलू लागला. मी उजव्या हातानं आधार द्यायला गेलो तर ते म्हणाले, राहू दे.

"जयंतीला मूर्ती पाळण्यात घालून झोके देता की तुमी," ते म्हणाले. "तवा न्हाय भीत. तुला रोजचाच पाळणा झाला म्हण. खाली मऊ काय तरी घालून बस, पडलं तर उचल."

लोकांना सांगताना मी हे वाक्य आवडीनं सांगतो. पण खोटं का बोला, त्यानं माझं समाधान पूर्ण झालं नाही. पाळण्यातलं लेकरू मोठं होतं, माझा हात काही थांबणार नाही. तरी परतताना पोटात भूक लागली होती, आणि तशी ती फार दिवसांनी लागली होती.

घरी आलो. देवघरात दोन पाट मांडलेले होते. माझ्या पाटापुढं तिनं चौघडी करून जाड सोलापुरी चादर अंथरली होती. मी पाटावर बसलो, तीही बसली. राग अजून गेला नव्हता, आणि तो चांगला महिनाभर टिकला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आमच्या दोघांच्याही बाबतीत.

आता

याला आता सात महिने होत आले. शिवानंदला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं काउंटरमागं माझ्यासाठी हाताची खुर्ची आणून ठेवली. मुलीला फोनवर सांगितलं. ती दर रविवारी फोन करते आणि दर रविवारी एक नवा उपाय सांगते. सकाळी होम मैदानावर मोठी पावलं टाकत, हात मुद्दाम हलवत चालतो. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी मोठ्यानं बोलायचा सराव दिलाय, तो आंघोळ करताना करतो. गोळी लागू असते तेव्हा बटणं लागतात. उतरते तेव्हा लागत नाहीत, मग नीला लावते आणि मी छताकडं बघतो.

सगळं सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही. घर भरलेलं असलं तरी या दुखण्यात माणूस एकटाच असतो. पायाला "उचल" म्हणून सांगावं लागतं आणि तो ऐकत नाही, तेव्हा आत काय होतं ते बाहेरून दिसत नाही. लिंग मध्ये आणखी दोनदा पडलं. दोन्ही वेळा तिचा हात पुढं आला आणि थांबला, कारण ते माझं होतं, मलाच उचलायचं होतं. तिनं माझी वाट पाहिली. मला वेळ लागला.

आणि माझा चेहरा काही परत आलेला नाही. त्यावरून तिला अजून फसायला होतं. मी खुशीत असलो तरी ती विचारते, काय बिनसलं. म्हणून आम्ही एक ठरवलं. ठरवलं म्हणजे तिनं ठरवलं. पूजा झाली की तिनं माझ्या तोंडाकडं बघायचं नाही, विचारायचं, आणि मी शब्दांत सांगायचं. चौतीस वर्षांत असलं काही बोलायची आम्हाला सवय नव्हती. पहिले काही दिवस मी "बरं वाटतंय" यापलीकडे गेलो नाही. ती म्हणायची, हे तर गिऱ्हाइकाला बी सांगता.

परवा पूजा आटोपली. डबी बंद केली. ती समोर बघत म्हणाली, "हं, आज काय?"

मी म्हणालो, "भीती वाटते."

तिनं आपल्या डबीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "मला बी."

तिलाही वाटते का, हे इतक्या महिन्यांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.